बाटलीतलं की ताटातलं? अँटीऑक्सिडंटबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या महिन्यात शेवग्याच्या पाल्यावर लिहिताना मी एक वाक्य लिहून गेले होते, की अँटीऑक्सिडंटच्या कॅप्सूलवर महिन्याला हजार रुपये घालण्यापेक्षा परसात शेवगा लावा. त्या एका वाक्यावर एवढे मेल आणि व्हॉट्सॅप आले की शेवगा बाजूलाच राहिला. काही जणांना राग आलाय, काही जण घाबरलेत आणि बऱ्याच जणांनी घरातल्या बाटल्यांचे फोटोच पाठवलेत. म्हणून यावेळचं अख्खं सदर याच विषयाला दिलंय. नावं कोणाचीच छापत नाहीये. पहिला प्रश्न मुद्दाम वर घेतलाय, कारण त्यात वेळ घालवून चालणार नाही.

प्रश्न : ताई नमस्कार. मी 54 वर्षांची, नाशिकला असते. आमच्या ह्यांनी तीस वर्षं सिगारेट ओढली, तीन वर्षांपूर्वी सोडली. मुलगा परदेशातून येताना अँटीऑक्सिडंटच्या दोन मोठ्या बाटल्या घेऊन आला, म्हणाला बाबांच्या फुफ्फुसांना चांगलं. त्यावर बीटा कॅरोटीन, व्हिटॅमिन ए, सी, ई, सेलेनियम असं लिहिलंय. ह्यांना रोज देतेय. मी पण सुरू करू का?

ताई, बाकीचं सगळं नंतर वाचा, आधी ती बाटली त्यांना देणं थांबवा. मुलाने मायेने आणलीये, त्याचा काहीच दोष नाही, पण ज्याने वर्षानुवर्षं सिगारेट किंवा विडी ओढलीये त्याच्यासाठी बीटा कॅरोटीनची, म्हणजे गाजर-भोपळ्यातल्या केशरी रंगद्रव्याची, गोळी धोक्याची आहे, आणि हे माझं मत नाही, हजारो माणसांवर तपासून कळलेली गोष्ट आहे.

झालं काय ते सांगते. आपलं शरीर अन्नातून ऊर्जा काढतं तेव्हा ऑक्सिजनचे काही उपद्रवी कण तयार होतात, त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात, ते पेशींना ओरखडे काढत फिरतात. चिरून ठेवलेलं वांगं हवेत काळं पडतं ना, तशाच जातीचा प्रकार. सफरचंदाच्या फोडीला लिंबू लावलं की ती काळी पडत नाही, तसं हे ओरखडे थांबवणारं ते अँटीऑक्सिडंट. 1956 साली डेनम हार्मन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने म्हातारपणाचा संबंध या फ्री रॅडिकलशी जोडला आणि पुढे असंही दिसायला लागलं की भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्यांना कॅन्सर कमी होतो आणि त्यांच्या रक्तात बीटा कॅरोटीन जास्त असतं. मग साहजिकच वाटलं की तेवढं बीटा कॅरोटीनच गोळीत भरून देऊया की.

फिनलंडमध्ये 50 ते 69 वयाच्या 29,133 सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना घेऊन हे करून बघितलं. काहींना रोज 20 मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन, काहींना व्हिटॅमिन ई, काहींना दोन्ही आणि काहींना नुसतीच दिसायला तशी गोळी, असं पाच ते आठ वर्षं चाललं. 1994 मध्ये निकाल आला तेव्हा सगळे हादरले, कारण बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर 18 टक्क्यांनी जास्त निघाला. लोकांना वाटलं योगायोग असेल. पण तेव्हाच अमेरिकेत दुसरा प्रयोग चालू होता, 18,314 माणसं, सिगारेट ओढणारे, सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेले, त्यांच्यातल्या साधारण निम्म्यांना बीटा कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ए मिळून देत होते. तो प्रयोग 1996 च्या जानेवारीत ठरल्यापेक्षा 21 महिने आधीच बंद करावा लागला, कारण तिथे गोळी घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर 28 टक्क्यांनी आणि एकूण मृत्यू 17 टक्क्यांनी जास्त होते. 'सोडलेले' हा शब्द परत वाचा ताई, तुमचे मिस्टर त्यातच येतात. आणि तुमच्या बाटलीत नेमकी हीच जोडी आहे, बीटा कॅरोटीन आणि ए.

आता यातली जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही, की त्याच फिनलंडच्या माणसांमध्ये प्रयोग सुरू व्हायच्या वेळी ज्यांच्या जेवणात आणि रक्तात कॅरोटीन जास्त होतं त्यांना पुढे फुफ्फुसाचा कॅन्सर कमी झाला. म्हणजे माणसं तीच, सिगारेट तीच, कॅरोटीनही तेच, पण जेवणातून आलेलं होतं तिथे चांगलं दिसलं आणि गोळीतून आलं तिथे वाईट. जेवणात कॅरोटीन एकटं येत नाही, त्याच्याबरोबर शंभर गोष्टी येतात आणि येतंही हळूहळू, थोडं थोडं. गोळीने रक्तातलं प्रमाण दहा पटीहून जास्त वर गेलं होतं. आणि सिगारेटने आधीच पोळलेल्या फुफ्फुसात एवढं कॅरोटीन साठलं की ते स्वतःच मोडून त्याचे तुकडे उलटं नुकसान करायला लागतात, अशी त्याची कारणमीमांसा शास्त्रज्ञ देतात.

तेव्हा मिस्टरांना गाजर द्या, लाल भोपळा द्या, पालक द्या, काही भीती नाही. बाटली नको. आत्तापर्यंत किती दिवस घेतली ते पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगून ठेवा, फार घाबरून जाऊ नका, ते प्रयोग वर्षानुवर्षं रोज घेणाऱ्यांवरचे होते. तुमचं म्हणाल तर तुम्हालाही गरज दिसत नाही. आणि सिगारेट सोडून तीन वर्षं झाली हे त्यांनी फुफ्फुसांसाठी जे केलंय ना, त्याच्या जवळपासही कुठली बाटली जात नाही, हे त्यांना माझ्याकडून नक्की सांगा.

एक मात्र सांगायलाच हवं, नाहीतर मी एकाच बाजूचं बोलतेय असं होईल. चीनमध्ये लिनशियान नावाच्या भागात जवळजवळ 30 हजार लोकांपैकी निम्म्यांना बीटा कॅरोटीन, ई आणि सेलेनियम दिलं होतं, 1993 मध्ये निकाल आला, त्यांच्यात मृत्यू 9 टक्क्यांनी कमी झाले. पण ती माणसं वर्षानुवर्षं अपुरं खात होती, शरीरात या गोष्टींची खरीच तूट होती. तूट असेल तिथे भर घातल्याचा फायदा होतो, भरलेल्या घागरीत ओतून काय मिळणार.

प्रश्न : मग खायचं काय ते नीट सांगा. ब्लूबेरी 300-400 रुपये डबी, ॲव्होकाडो, ग्रीन टी, हे सगळं मध्यमवर्गीय माणसाने कुठून आणायचं? आमच्याकडे पाच माणसं आहेत.

आणूच नका! मला हा प्रश्न फार आवडला कारण 'सुपरफूड' शब्दाने आपल्या लोकांच्या मनात असं भरवलंय की चांगलं खाणं म्हणजे महाग खाणं. ब्लूबेरीचा जो निळा-जांभळा रंग आहे ना, त्याला अँथोसायनिन म्हणतात, तो रंग म्हणजेच तिचं अँटीऑक्सिडंट. आता मला सांगा, मे महिन्यात डोंगरातून करवंदं घेऊन बायका येतात, द्रोणात घालून देतात, त्यांचा रंग कसला आहे? जूनमध्ये जांभळं खाऊन जीभ निळी होते ती कशाने? कोकमाचा लालजांभळा रंग कशाचा? सगळं त्याच घराण्यातलं. काळी द्राक्षं नाशिक-सांगलीची, वांग्याची साल, जांभळा कोबी, सगळे एकाच रंगाचे भाऊबंद. लाल माठाचा रंग वेगळ्या जातीचा आहे, बीटासारखा, पण तोही याच कामाचा.

व्हिटॅमिन सी साठी पेरू खा. 100 ग्रॅम पेरूत 200 मिलिग्रॅमच्या वर व्हिटॅमिन सी असतं, संत्र्यात साधारण 50. आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये ठरवून दिलेली रोजची गरज पुरुषांना 80 आणि बायकांना 65 मिलिग्रॅम आहे, म्हणजे अर्धा मोठा पेरू खाल्लात की दिवसाचं काम झालं. आवळा तर त्याच्याही पुढे. कार्तिकात आवळीखाली बसून जेवायची आपल्याकडे रीत आहे, आवळी भोजन, तेव्हापासून थंडी संपेपर्यंत बाजारात आवळा असतो, किसून मीठ लावून दोन चमचे ताटात घेतला तरी पुरे. च्यवनप्राश घेत असाल तर डब्याच्या मागे साखर किती ते वाचून घ्या, घरात डायबेटिस असेल तर तो चमचा आवळ्याचा कमी आणि पाकाचा जास्त होतो.

मला कोणी एका ताटात सगळं दाखवा म्हणालं तर मी भोगीची भाजी दाखवते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आपण काय करतो? गाजर, वांगी, घेवडा, पावटा, हरभऱ्याचे सोलाणे, बोरं, शेंगदाणे, जे शेतात आलंय ते सगळं एका पातेल्यात, वरून तिळाचं कूट, बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि लोण्याचा गोळा. गाजरातलं कॅरोटीन, वांग्याच्या सालीतलं अँथोसायनिन, तिळातलं आणि दाण्यातलं व्हिटॅमिन ई, बाजरीच्या कोंड्यातली पॉलिफेनॉल्स (झाडांमधलीच अँटीऑक्सिडंट जातीची द्रव्यं), डाळवर्गातलं झिंक, आणि ते कॅरोटीन रक्तात उतरायला लागतो तो स्निग्धपणा लोण्यात. कोणी प्रयोगशाळेत बसून ठरवलेलं नाही, पण एवढं जमून आलेलं मिश्रण मला कुठल्या बाटलीवर वाचायला मिळालेलं नाही. ती भाजी वर्षात एकदाच का करायची हा माझा नेहमीचा प्रश्न असतो लोकांना.

झिंकचं नाव घेतलं कारण एक गोष्ट लोकांना माहीतच नसते. सगळ्यात ताकदीची अँटीऑक्सिडंट आपलं शरीर स्वतःच बनवतं, ती एन्झाइम्स असतात, आणि ती बनवायला झिंक, तांबं, मँगनीज, सेलेनियम, लोह असं किरकोळ वाटणारं सामान लागतं, जे डाळी, तीळ, ज्वारी-बाजरी, अंडी, मासळी यातून मिळतं. पॉलिफेनॉल्सचं तर आता असं समजतात की ती स्वतः जाऊन फ्री रॅडिकलशी फार लढत नाहीत, रक्तात पोचतातच थोडी, बरीचशी आतड्यातले जंतू मोडतात, पण त्यातून शरीराला आपली स्वतःची यंत्रणा जागी ठेवायला इशारा मिळतो. म्हणून पॅकेटवर जे आकडे छापतात ना, अमुक इतकी अँटीऑक्सिडंट पॉवर, त्याला काही अर्थ नाही, ते काचेच्या नळीत मोजलेलं असतं. अमेरिकेच्या सरकारी कृषी खात्याने अशा आकड्यांची एक यादीच इंटरनेटवर ठेवली होती, ओरॅक नावाची, 2012 मध्ये त्यांनी स्वतःहून ती काढून टाकली कारण कंपन्या ते आकडे जाहिरातीला वापरत होत्या आणि शरीरात तसं काही होतं याला आधार नव्हता.

पाच माणसांचा हिशोब सोपा ठेवा. माणशी दिवसाला साधारण 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळ, असं आपल्या पोषण संस्थेच्या 2024 च्या सूचनांमध्ये आहे. बहुतेक घरांत याच्या निम्मीही भाजी पोटात जात नाही, पोळ्या चार आणि भाजी चमचाभर असतं ताटात. महिन्याला हजार-दीड हजार बाटलीवर जात असतील तर तेवढ्याची भाजी वाढवा, मोसमातली, मंडईत जी ढिगाने आलीये ती. ग्रीन टी नाही प्यायलात तरी चालेल, साध्या चहाच्या पानातही फ्लॅव्होनॉइड्स, म्हणजे पॉलिफेनॉल्सचाच एक प्रकार, असतात, फक्त जेवणाला लागून चहा घेऊ नका, जेवणातलं लोह अंगी लागत नाही त्याने. बायकांनी तर विशेष लक्षात ठेवा हे.

प्रश्न : आमच्या ग्रुपवर एक जण सांगतात की शिजवलं की सगळी अँटीऑक्सिडंट मरतात, म्हणून आम्ही दोन महिने सकाळ-संध्याकाळ कच्च्या भाज्यांचा ज्यूस पितोय, तेल पूर्ण बंद केलंय. बरोबर आहे का?

अर्धं बरोबर आहे आणि अर्धं अगदी उलटं आहे. व्हिटॅमिन सी उष्णतेने आणि पाण्याने जातं हे खरं, म्हणून लिंबू शेवटी पिळायचं, कोथिंबीर शेवटी घालायची, भाजी चिरून मग धूत बसायचं नाही, पालेभाजी उकळून पाणी फेकून द्यायचं नाही. पोह्यांवर वाढताना लिंबू पिळतात ना, तीच पद्धत बरोबर, आणि त्याने पोह्यातलं लोहही चांगलं शोषलं जातं.

पण टोमॅटोतलं लायकोपीन, म्हणजे त्याचा लाल रंग, शिजवल्यावर आणि तेलाबरोबर जास्त मिळतं, कच्च्या टोमॅटोपेक्षा टोमॅटोचं सार किंवा फोडणीची चटणी जास्त कामाची. गाजराचंही तेच, कॅरोटीन हे तेलातच विरघळतं. अमेरिकेत काही लोकांना सॅलड बिनतेलाच्या ड्रेसिंगबरोबर देऊन रक्त तपासलं होतं तर कॅरोटीन जवळजवळ उतरलंच नव्हतं, तेल असलेल्या ड्रेसिंगने उतरलं. म्हणजे तुम्ही दोन महिने तेल बंद करून जो गाजराचा रस पिताय त्यातलं निम्मं काम वायाच चाललंय हो. त्यापेक्षा गाजराची कोशिंबीर करा, वर मोहरी-हिंगाची चमचाभर तेलाची फोडणी आणि दाण्याचं कूट. आपल्या आज्यांनी कोशिंबिरीवर फोडणी आणि कूट चवीसाठी घातलं असेल पण पोटातही तेच उपयोगी पडतं.

ज्यूसचं अजून एक, गाळून चोथा टाकलात की फायबर गेलं आणि चोथ्याला चिकटलेली पॉलिफेनॉल्स पण गेली, जी खाली आतड्यातल्या जंतूंना हवी असतात. पालकाचा रस दिवसातून दोनदा पित असाल आणि घरात कोणाला मुतखडा झालेला असेल तर तो रस आजच बंद करा, पालकात ऑक्झलेट खूप असतं, त्याचेच खडे होतात. भाजी करून खा, आठवड्यातून एकदा-दोनदा.

प्रश्न : वय 38, पुण्यात आयटीत आहे. केस गळतात आणि स्किन डल झालीये म्हणून ती हिरवी ई ची कॅप्सूल रोज घेते, शिवाय व्हिटॅमिन सी ची चघळायची गोळी दिवसातून दोन, मल्टिव्हिटॅमिन आणि हेअर-स्किन-नेल्सच्या गमीज. ओव्हरडोस होतो का?

माझ्याकडे येणाऱ्यांना मी घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून आणायला सांगते आणि टेबलावर ओळीने मांडून मागची बारीक अक्षरं एकत्र बेरीज करून दाखवते. बऱ्याचदा व्हिटॅमिन ई तीन-तीन बाटल्यांतून चाललेलं असतं आणि कोणी बेरीजच केलेली नसते. तूही आज संध्याकाळी कागदावर बेरीज कर.

ई ची रोजची गरज 10-15 मिलिग्रॅमच्या आसपास आहे, ती हिरवी कॅप्सूल बहुतेक 400 ची असते. मूठभर शेंगदाणे आणि स्वयंपाकातलं चमचाभर सूर्यफूल तेल यातून गरजेचा बराचसा भाग निघतो. 400 युनिट ई रोज देऊन अमेरिकेत 35 हजारांवर पुरुषांवर मोठा प्रयोग झाला, प्रोस्टेटचा कॅन्सर टळेल म्हणून, 2008 मध्ये थांबवला आणि 2011 ला कळलं की ई घेणाऱ्यांमध्ये तो कॅन्सर 17 टक्क्यांनी वाढला होता. तो पुरुषांवरचा झाला. बायकांवरही झालाय, जवळजवळ 40 हजार बायका, दहा वर्षं एक दिवसाआड 600 युनिट, 2005 ला निकाल, कॅन्सर आणि हार्ट ॲटॅकमध्ये काही फरक पडला नाही. म्हणजे तुझ्यासारख्या बाईला त्याने भलं होईल असं काही दिसलेलं नाही. आणि घरात कोणी रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असेल तर ई च्या मोठ्या डोसने रक्तस्रावाचा धोका वाढतो, त्यांच्या हाती ही कॅप्सूल जाऊ देऊ नको.

सी चं असं आहे की एका वेळी 200 मिलिग्रॅमपर्यंत शरीर नीट घेतं, त्याच्यावर दिलं की उरलेलं लघवीतून जातं, जाताना काहीचं ऑक्झलेट होतं आणि खड्याची शक्यता वाढते. सर्दी टळते म्हणून घेत असशील तर तीही टळत नाही, नेहमी घेणाऱ्यांची सर्दी थोडी लवकर बरी होते एवढंच दिसलंय.

तुझे केस गळण्याचं कारण मला यातल्या कुठल्याच बाटलीत दिसत नाही. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगात साठलेलं लोह), थायरॉइड, बी 12 आणि डी या तपासण्या करून घे. आपल्याकडच्या बायकांत लोह आणि बी 12 ची कमतरता खूप सापडते, आणि ती सापडली तर तिच्या गोळ्या मात्र नक्की घ्यायच्या, डॉक्टर सांगतील तेवढे महिने. मी सप्लिमेंटच्या विरोधात नाहीये. पोटुशी बाई फॉलिक ॲसिड आणि लोहाची गोळी घेते ती गरज आहे, ती कधीच चुकवायची नाही. तपासून, कमी आहे हे बघून घेतलेली गोळी म्हणजे औषध आहे.

प्रश्न : मी 23 वर्षांचा, कोल्हापूरला जिमला जातो. ट्रेनर म्हणतात वर्कआउटने फ्री रॅडिकल वाढतात म्हणून नंतर 1000 मिलिग्रॅम सी आणि एक ई घे. घेऊ?

नको घेऊ बाळा. व्यायामाने फ्री रॅडिकल वाढतात हे तुझे ट्रेनर बरोबर सांगतायत, पण ते वाढणं हीच स्नायूंसाठी खबर असते की आता मजबूत व्हायला हवं. जर्मनीत 2009 मध्ये तुझ्यासारख्या तरुण मुलांना चार आठवडे व्यायाम देऊन अर्ध्यांना अगदी हाच डोस दिला, 1000 सी आणि 400 ई, तर ज्यांनी गोळी घेतली नव्हती त्यांच्यात इन्सुलिनचं काम सुधारलं आणि गोळीवाल्यांमध्ये तो फायदाच झाला नाही. म्हणजे घाम गाळायचा आणि त्याचं फळ गोळीने पुसून टाकायचं. वर्कआउटनंतर दोन केळी, भिजवलेले हरभरे, दूध किंवा अंडी, आणि जेवणात भाजी जास्त घे, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याबरोबर कांदा-लिंबू पण घे, लाल कांद्यात क्वेरसेटिन नावाचं पॉलिफेनॉल चांगलं असतं आणि ते बाहेरच्या पाकळ्यांत जास्त, म्हणून साल काढताना दोन-दोन पाकळ्या फेकू नको.

प्रश्न : हळद तर आपलीच आहे, मग करक्युमिनच्या कॅप्सूलला काय हरकत? गुडघ्यासाठी आईला आणलीये, मिरीचा अर्क घातलेली.

हळद आपलीच, सांगलीची, पण कॅप्सूल म्हणजे हळद नव्हे. हळदीत करक्युमिन, म्हणजे तिचं पिवळं द्रव्य, साधारण 3 टक्के असतं, म्हणजे 500 मिलिग्रॅमची एक कॅप्सूल म्हणजे सोळा-सतरा ग्रॅम हळद झाली, पाच चमचे. एवढी हळद आपण आमटीत कधी घालतो का? आणि करक्युमिन सहसा शोषलंच जात नाही, म्हणून मिरीतलं पायपरीन घालतात. बंगळुरूला 1998 मध्ये झालेल्या अभ्यासात त्याने शोषण वीस पटीच्या आसपास वाढलेलं दिसलं, जाहिरातीत हे मोठ्या अक्षरात असतं. पण एवढं शोषलं गेल्यावर लिव्हरचं काय होतं ते जाहिरातीत नसतं. इटलीत 2019 मध्ये अशा हळदीच्या सप्लिमेंटनंतर लिव्हरला सूज आलेले बरेच पेशंट सापडले, अमेरिकेतही सापडलेत. सगळ्यांना होत नाही, काहींच्या अंगातच ती प्रवृत्ती असते, पण आपल्या आईची आहे की नाही हे आधी कसं कळणार? ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांचंही तसंच, त्यातलं ईजीसीजी नावाचं मुख्य द्रव्य दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त गेलं की लिव्हरवर ताण येऊ शकतो असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 ला सांगितलं. शिवाय पायपरीन बाकीच्या औषधांचंही शोषण बदलू शकतं, आई बीपी-शुगरच्या गोळ्या घेत असतील ना?

भाजी-आमटीतली हळद चालू ठेवा. कॅप्सूल घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून, मुदत ठरवून आणि लिव्हरची तपासणी करून. डोळे पिवळे, लघवी गडद, अन्नावरची वासना गेली, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी बंद.

प्रश्न : वडिलांना तोंडाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन चालू आहे. नातेवाईक येतात ते प्रत्येक जण एकेक अँटीऑक्सिडंटची पावडर आणून देतात. नाही म्हटलं तर वाईट दिसतं.

वाईट दिसू दे. तुम्ही आत्ता किती ताणात असाल मला कळतंय, आणि येणाऱ्याला काहीतरी आणावंसं वाटतं हेही कळतं, पण रेडिएशन आणि बरीच किमोची औषधं फ्री रॅडिकल तयार करूनच कॅन्सरच्या पेशी मारतात. त्याच वेळी मोठ्या डोसमध्ये अँटीऑक्सिडंट दिलं तर आपण त्या पेशींनाच ढाल देतोय की काय ही डॉक्टरांची खरी काळजी असते. कॅनडात क्युबेकमध्ये डोकं-मान भागाच्या कॅन्सरच्या 540 पेशंटपैकी निम्म्यांना रेडिएशनच्या काळात आणि नंतर व्हिटॅमिन ई देऊन बघितलं होतं, त्रास कमी होईल म्हणून, तर गोळी चालू असताना नवीन कॅन्सर होण्याचं प्रमाण जास्त निघालं. 2005 चा निकाल आहे तो.

सगळे डबे घेऊन रेडिएशनच्या डॉक्टरांकडे जा, त्यांना एकेक दाखवा. घरातल्यांना सांगा की डॉक्टरांनी मनाई केलीये, म्हणजे तुमच्यावर बोल येणार नाही. आणायचंच असेल तर अंडी आणा, ताजं ताक आणा, मऊ मुगाची खिचडी करून आणा, कारण तोंड आलेलं असताना बाबांच्या पोटात पुरेसं अन्न आणि प्रोटीन जाणं हीच आत्ता मोठी गोष्ट आहे. आंबट आणि तिखट त्यांना झोंबेल, लिंबू-आवळा आत्ता राहू दे.

प्रश्न : तुम्ही गोळ्यांना नको म्हणता पण माझ्या 71 वर्षांच्या वडिलांना डोळ्यांच्या डॉक्टरांनी अँटीऑक्सिडंटच्याच गोळ्या दिल्यात, पडद्याची झीज आहे म्हणून. बंद करू का?

अजिबात बंद करू नका! हा अपवाद आहे आणि चांगला तपासलेला अपवाद आहे. वयामुळे पडद्याच्या मधल्या भागाची झीज होते, मॅक्युलर डिजनरेशन, ती मधल्या टप्प्यात असेल किंवा एका डोळ्यात पुढे गेली असेल तर सी, ई, झिंक, तांबं आणि बीटा कॅरोटीन यांच्या ठरावीक मिश्रणाने पुढच्या टप्प्यात जायचा धोका साधारण 25 टक्क्यांनी कमी होतो, असं अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात 2001 मध्ये दिसलं. गेलेली नजर त्याने परत येत नाही आणि सुरुवातीच्या टप्प्यात उपयोगही दिसलेला नाही, म्हणून शेजाऱ्यांनी बघून सुरू करू नये.

फक्त एक बघा. 2013 मध्ये त्याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागाचा निकाल आला, त्यानंतर बीटा कॅरोटीन काढून त्याजागी कॅरोटीनच्याच घराण्यातलं ल्युटीन 10 मिलिग्रॅम आणि झियाझँथिन 2 मिलिग्रॅम घातलं, कारण पूर्वी सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये बीटा कॅरोटीनने तोच फुफ्फुसाचा धोका परत दिसला. नवीन गोळ्यांमध्ये बहुतेक ल्युटीनच असतं पण जुन्या प्रकारच्याही दुकानात मिळू शकतात आणि केमिस्ट कधीकधी 'तेच आहे' म्हणून दुसरी देतो. पुढच्या वेळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना पाकीट बरोबर न्या, आणि वडिलांनी पूर्वी सिगारेट-विडी ओढली असेल तर किती वर्षं आणि दिवसाला किती ते त्यांना नक्की सांगा.